किडनीचा आजार आणि प्रथिनं: "जरा कमी करा" म्हणजे नेमकं किती?

रानजाई

बाबांचं वय 68, वजन 64 किलो. रक्तदाब जुना, मधुमेह नाही. या वेळच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) 2.1 आणि ईजीएफआर (किडनीचा गाळण्याचा वेग) 34 आला, म्हणजे आजाराच्या पाच टप्प्यांपैकी टप्पा 3ब. लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन जातंय. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली, मीठ कमी करायला सांगितलं आणि आम्ही उठता उठता म्हणाले, "प्रोटीनही जरा कमी करा."

या "जरा"वरून घरात तीन पक्ष झालेत. आईने त्याच दिवशी डाळी, कडधान्यं, दूध, अंडी सगळं बंद केलं. बाबांच्या ताटात आता भात आणि उकडलेली भाजी. मामा म्हणतो, अंड्याचा पांढरा भाग तेवढा द्या, बाकीची प्रथिनं कमी दर्जाची. भाचा व्यायामशाळेत जातो. त्याला बाबांचे दंड बारीक झालेले दिसतात, म्हणून तो पावडरीचा डबाच घेऊन आलाय.

तिघंही मायेपोटी बोलतात, त्यामुळे कोणालाच गप्प करता येत नाही. पण बाबांचे कपडे सैल होताहेत, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतोय. मला वाटतं, "कमी"लाही एक तळ असला पाहिजे. त्याच्या खाली गेलं तर किडनी वाचेल की नाही कोण जाणे, माणूस मात्र खंगेल. तो तळ कुठे असतो? कोणती प्रथिनं ठेवायची? ज्यांनी घरात हे पथ्य सांभाळलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कोरी_पाटी

आमच्याकडेही हाच प्रश्न आहे, फक्त बाबांच्या जागी सासूबाई. वाचतोय.

पाऊलवाट

रानजाई, तुमच्या आईंचं बरोबर आहे. प्रथिनांपासून युरिया बनतो आणि तो बाहेर टाकायचं काम किडनीचं. काम कमी दिलं की ती टिकते, इतकं साधं आहे. माझ्या काकांनी डाळ, दूध, मांस सगळं सोडलं. चार महिन्यांत क्रिएटिनिन 3.4 वरून 2.6 वर आलं. रिपोर्ट समोर आहे, आणखी काय पुरावा हवा?

गणितवेडा

पाऊलवाट, त्या चार महिन्यांत काकांचं वजन किती उतरलं?

विचारतोय कारण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये. स्नायू झिजले की ते कमी तयार होतं आणि किडनी तितकीच अधू असताना रिपोर्ट सुधारलेला दिसतो. मांस सोडल्यानेही आकडा खाली येतो, कारण शिजवलेल्या मांसातून थोडं क्रिएटिनिन थेट पोटात जातं. शंका असेल तेव्हा डॉक्टर सिस्टॅटिन सी तपासतात. त्यावर स्नायूंचा परिणाम क्रिएटिनिनपेक्षा बराच कमी होतो.

पाऊलवाट

वजन उतरलं, सात-आठ किलो. पण युरियाही उतरला होता, मळमळ थांबली होती. तो फायदा खोटा म्हणायचा का?

ताम्हण

खोटा मुळीच नाही. मी किडनी विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

प्रथिनं पचल्यावर त्यातला नायट्रोजन युरियाच्या रूपात बाहेर पडतो. किडनी अधू असली की तो रक्तात साठतो, भूक मरते, तोंडाला चव राहत नाही, मळमळतं. प्रथिनं कमी केल्यावर हे त्रास कमी होतात. शिवाय प्रथिनांचं भरपेट जेवण झालं की किडनीतल्या गाळण्यांमधला दाब वाढतो आणि उरलेल्या गाळण्या जास्त जोराने काम करतात. हा ताण वर्षानुवर्षं चालू राहिला तर त्याच गाळण्या निकामी होतात, ही मांडणी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी 1982 साली केली. "काम कमी द्या" या पाऊलवाटांच्या म्हणण्याला आधार आहे तो हा.

आता रानजाईंचा तळ. निरोगी प्रौढाची गरज साधारण दर किलो वजनामागे 0.8 ग्रॅम. केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना टप्पा 3 ते 5 साठी, डायलिसिस सुरू नसेल तर, हाच 0.8 चा आकडा देतात आणि आजार वाढण्याचा धोका असलेल्यांनी 1.3 च्या वर जाऊ नये असं सांगतात. अमेरिकेतल्या केडोकी या गटाच्या 2020 च्या सूचना अधिक कडक आहेत: मधुमेह नसेल तर 0.55 ते 0.6, असेल तर 0.6 ते 0.8. तेही प्रकृती स्थिर असेल आणि देखरेख असेल तरच.

बाबांच्या 64 किलोंना 0.8 ने गुणलं की 51 ग्रॅम. कडक हिशेबाने 35 ते 38. शून्य किंवा "जवळपास बंद" असा आकडा दोन्हीकडे नाही. नुसता भात आणि भाजी यावर माणूस कडक मर्यादेच्याही खाली सहज जातो.

दुसरी गोष्ट उष्मांकांची, आणि घरोघरी पथ्य बिघडतं ते इथे. दिवसाला दर किलोमागे 25 ते 35 कॅलरी पोटात गेल्या नाहीत तर शरीर खाल्लेली प्रथिनं इंधन म्हणून जाळतं, ती संपली की स्नायू. सरपण संपल्यावर घरातलं फर्निचर चुलीत घालण्यासारखं आहे ते. त्या जळण्यातूनही युरियाच बनतो. म्हणजे उपाशी राहून युरिया कमी करू पाहणारा माणूस स्वतःच्या मांड्यांमधून युरिया तयार करत असतो.

रानजाई, दोन गोष्टी सांगा. बाबांच्या पायांवर सूज आहे का? सूज असेल तर हिशेब सुजेशिवायच्या वजनावर करायचा. आणि दिवसभरात एकूण काय काय खातात?

रानजाई

ताम्हणताई, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. सूज नाही. सकाळी चहा आणि टोस्ट, दुपारी भात-भाजी, संध्याकाळी एखादं सफरचंद, रात्री पुन्हा भात-भाजी, तेही थोडंच. फर्निचरचं वाक्य आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण फोन तिनेच हातात घेतला आणि पुन्हा एकदा वाचलं.

उंबरठा

मी स्वतः हिमोडायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा. माझ्यासारखे कोणी हा धागा वाचत असतील तर त्यांनी कृपया वरचे आकडे उचलू नयेत. डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटा फिरतो. दर किलोमागे 1.0 ते 1.2 ग्रॅम लागतात, कारण प्रत्येक वेळी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, यंत्रातून वाहून जातात, साधारण 6 ते 12 ग्रॅम.

डायलिसिसच्या आधी मी कमी प्रथिनांवर होतो आणि ते योग्यच होतं. पण सुरू झाल्यावरही घरात तेच ताट चालू राहिलं. नातेवाईक यायचे आणि ताटात अंडं दिसलं की विचारायचे, "हे तुला चालतं का?" विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असायची, पण प्रत्येक वेळी घास अडायचा. अल्ब्युमिन घसरलं, डायलिसिसनंतर घरी येऊन नुसतं पडून राहायचो. शेवटी केंद्रातल्या आहारतज्ज्ञांनी बायकोला समोर बसवून सांगितलं की आता याचं पथ्य म्हणजे पोटभर प्रथिनं, फक्त फॉस्फरस आणि पोटॅशियम सांभाळून. तेव्हापासून रोज दोन अंडी आणि मासे. अंगात जीव आला, हे खरंच सांगतो.

झुळूक

उंबरठादादा +1. आईचं पोटाचं डायलिसिस आहे. त्यात पोटात सोडून बाहेर काढलेल्या द्रावणाबरोबर रोज 5 ते 15 ग्रॅम प्रथिनं निघून जातात, पोटात संसर्ग झाला तर त्याहून जास्त. वर त्या द्रावणात ग्लुकोज असतं, पोट कायम भरल्यासारखं वाटतं, जेवायला बसवणं हीच लढाई. आम्ही ताट लहान केलं आणि वेळा वाढवल्या. ताटात पहिल्यांदा अंडं किंवा मासा, तो संपला की मग भात. भात आधी दिला की प्रथिनं उरतातच.

हिरवा_चाफा

आम्ही पूर्ण शाकाहारी. रानजाईंच्या मामांनी "कमी दर्जाची प्रथिनं" म्हटलंय ते आमच्या डॉक्टरांच्या जुन्या कागदावरही छापलेलं होतं: डाळी वर्ज्य, अंड्याचा पांढरा भाग घ्या. अंडं आम्ही खात नाही. मग काय करायचं?

गणितवेडा

या समजाला इतिहास आहे. 1963 साली जोर्दानो आणि 1964 साली जोव्हानेत्ती व माज्जोरे या इटालियन डॉक्टरांनी अगदी कमी प्रथिनांचा आहार मांडला. तेव्हा डायलिसिस फार थोड्यांना मिळत असे, रुग्णाला जगवायचं तर आहारावरच. एकूण प्रथिनं इतकी थोडी असताना जी आहेत ती तरी सगळी आवश्यक अमिनो आम्लं देणारी हवीत, म्हणून भर अंड्यावर. त्या परिस्थितीत ते बिनतोड होतं. पुढे "निम्मी प्रथिनं उच्च जैविक मूल्याची" हा नियम झाला आणि छापील कागदांवर डाळी वर्ज्य होऊन बसल्या. केडोकीच्या 2020 च्या सूचनांनी मात्र प्राणिज की वनस्पतिज असं ठरवून देण्याइतका पुरावा नाही, असं स्पष्ट म्हटलंय. केडिगोचा 2024 चा कल तर वनस्पतिज अन्नाकडेच आहे.

ताम्हण

गणितवेड्यांना दुजोरा, आणि त्यात भर घालते ती फॉस्फरसची.

डाळी बंद करण्यामागे फॉस्फरसचीच भीती असते. कागदावर बघितलं तर डाळींमध्ये तो भरपूर दिसतो. पण वनस्पतींमधला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि तो फोडणारं विकर (एन्झाइम) आपल्या आतड्यात जवळपास नसतंच. त्यामुळे त्यातला साधारण निम्म्याहून कमीच रक्तात उतरतो. मांस-दुधातला त्याहून जास्त उतरतो. आणि कारखान्यात मिसळलेला फॉस्फेट जवळजवळ सगळाच्या सगळा. 2011 साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला, रुग्ण फक्त नऊ. त्याच लोकांना एक आठवडा शाकाहारी आणि एक आठवडा मांसाहारी जेवण दिलं, दोन्हींत फॉस्फरस आणि प्रथिनं सारखीच. शाकाहारी आठवड्यात रक्तातलं फॉस्फरस कमी भरलं. प्रयोग लहान आहे हे मान्य, पण शरीरात काय घडतं ते दाखवायला पुरेसा आहे.

डाळींचा आणखी एक फायदा म्हणजे तंतुमय पदार्थ. बद्धकोष्ठ असेल तर पोटॅशियम शौचावाटे कमी जातं आणि रक्तात वाढतं. शिवाय प्राणिज प्रथिनांमुळे शरीरातलं आम्ल जास्त वाढतं आणि ते बाहेर टाकायचं कामही किडनीकडेच.

तेव्हा हिरवा_चाफा, डाळी, टोफू, दूध-दही मोजून घ्या. धान्य आणि डाळ दोन्ही आहारात असली की अमिनो आम्लांची उणीव एकमेकांत भरून निघते, एकाच घासात असायला हवीत असंही नाही. पोटॅशियमचा रिपोर्ट वर गेला असेल तर मात्र डाळींचं प्रमाण तुमच्या आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

शेवंती_काकू

आता माझं काम आलं! यजमानांचं पथ्य मी बरीच वर्षं सांभाळतेय. नातवंडं मला स्वयंपाकघरातल्या केमिस्ट्रीच्या बाई म्हणतात.

कडधान्यं रात्रभर भरपूर पाण्यात भिजवायची, ते पाणी ओतून द्यायचं, मग नव्या भरपूर पाण्यात शिजवायची आणि तेही पाणी काढून टाकायचं. पोटॅशियम पाण्यात उतरतं, प्रथिनं दाण्यातच राहतात. बटाटा सोलून, बारीक चिरून, जास्त पाण्यात उकळायचा. आख्खा उकडला किंवा वाफवला तर पोटॅशियम आतच राहतं. आणि हे पाणी सूपमध्ये वापरायचं नाही गं बायांनो, जीव कितीही तुटला तरी.

"कमी सोडियमचं मीठ" म्हणून पाकीट मिळतं त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराईड असतं. किडनी अधू असलेल्या माणसाला ते मुळीच द्यायचं नाही. त्यापेक्षा साधंच मीठ, पण मोजून. दिवसाचं सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात ब्रेड, सॉस, लोणच्यातलंही आलं. चवीला लिंबू, मिरपूड, लसूण, आलं, भाजलेले जिरे. जीभ काही आठवड्यांत वळते.

पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. "फॉस्फ" ही अक्षरं कुठेही दिसली, किंवा ई 338 ते 341 आणि 450 ते 452 यांपैकी एखादा क्रमांक दिसला, की पाकीट परत फळीवर. डबाबंद मांस, सॉसेज, चीज स्प्रेड, गडद रंगाचा कोला, तयार केक या सगळ्यांत हे सापडतं. डाळीला घाबरून मुलं आजोबांना चीज सँडविच देतात, तिथे जीव हळहळतो.

कोरी_पाटी

काकू, तुमचा प्रतिसाद छापून फ्रीजवर लावतोय. कमरख या फळाचं काही ऐकलंय का? सासूबाईंना कोणीतरी "किडनीला चांगलं" म्हणून आणून दिलंय.

ताम्हण

कोरी_पाटी, ते आत्ताच बाजूला ठेवा! किडनीच्या रुग्णांना कमरख वर्ज्य आहे. त्यात मज्जासंस्थेवर परिणाम करणारं विष असतं, निरोगी किडनी ते बाहेर टाकते, अधू किडनीला जमत नाही. न थांबणाऱ्या उचक्या, गोंधळलेपण, झटके येऊ शकतात, मृत्यूही झालेले आहेत. थोडंसंही नको.

कोरी_पाटी

टाकून दिलं. त्यांनी अजून खाल्लं नव्हतं. ताई, उपकार झाले.

लोहचुंबक

रानजाईंच्या भाच्याच्या बाजूने बोलतो. मी व्यायाम शिकवतो. वय झालेल्या माणसाचे स्नायू जाताना दिसत असतील तर पावडर देण्यात चूक काय? व्हे, म्हणजे दुधातलं प्रथिन, उत्तम दर्जाचं आहे, सगळी अमिनो आम्लं त्यात असतात.

ताम्हण

दर्जाबद्दल वाद नाही, अडचण मापाची आहे. एका मापात 20 ते 25 ग्रॅम, म्हणजे बाबांचा जवळपास निम्मा दिवस एका पेल्यात. जेवणही पूर्ववत झालं आणि वर पेला आला तर मर्यादा ओलांडलीच. शिवाय पावडरीत क्रिएटिन (व्यायाम करणारे घेतात ते पूरक) मिसळलेलं असेल तर क्रिएटिनिन वाढलेलं दिसेल आणि डॉक्टरांची दिशाभूल होईल. डायलिसिसवरच्या, जेवण जात नसलेल्या रुग्णाला आम्ही स्वतः पूरक पेय देतो, पण किडनीसाठी वेगळं बनवलेलं आणि मोजून.

भाच्याचं निरीक्षण मात्र मोलाचं आहे, घरात ते सगळ्यात आधी त्यालाच दिसलं. त्याला दुसरं काम द्या. खुर्चीतून उठबस, हलकी वजनं, रोजचं चालणं. प्रथिनं तेवढीच ठेवून स्नायू टिकवायला व्यायाम लागतोच.

लोहचुंबक

पटलं. रानजाई, बाबांचा रक्तदाब काबूत असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर खुर्चीवरच्या व्यायामांचा सोपा क्रम लिहून पाठवतो. भाच्यालाच शिकवायला सांगा, बाबा त्याचं ऐकतील.

पाऊलवाट

सगळं वाचतोय. काकांच्या वजनाचा मुद्दा मनाला लागला आहे. तरी एक विचारतो. एकीकडे 0.8, दुसरीकडे 0.55. तज्ज्ञांचंच एकमत नाही, मग सामान्य माणसाने कोणावर विश्वास ठेवायचा? आणि प्रथिनं कमी केल्याने किडनी खरंच टिकते, हे कोणी मोठ्या प्रमाणावर तपासलंय का?

गणितवेडा

तपासलंय, आणि उत्तर सरळ आलेलं नाही. एमडीआरडी नावाचा अमेरिकेतला अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. त्यात मध्यम आजाराचे 585 रुग्ण होते. निम्म्यांना दर किलोमागे 1.3 ग्रॅम प्रथिनांचा आहार, निम्म्यांना 0.58 चा. कमी प्रथिनांच्या गटात पहिल्या चार महिन्यांत गाळण्याचा वेग उलट जास्त घसरला, कारण गाळण्यांमधला दाब उतरला. त्यानंतर त्यांची घसरण मंद झाली. तीन वर्षांअखेर एकूण हिशेबात दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. याच आकड्यांवरून एक बाजू म्हणते फायदा आहे, आणखी वेळ हवा होता. दुसरी म्हणते फायदा फार छोटा आहे.

त्याच अभ्यासात जास्त गंभीर आजाराचे 255 रुग्ण होते, त्यांतल्या काहींना 0.28 ग्रॅम आणि कीटोअॅनालॉग दिले होते. पुढची बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर त्या गटाची किडनी जास्त टिकली असं दिसलं नाही आणि मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणून मला केडिगोचा 0.8 बाबांच्या वयाला जास्त योग्य वाटतो. त्याच सूचनांमध्ये म्हटलंय की वयस्क, अशक्त, स्नायू झिजलेल्या माणसासाठी प्रथिनं आणि उष्मांक दोन्ही वाढवण्याचा विचार करा. आणि मुलांना किडनीचा आजार असेल तर वाढीसाठी प्रथिनं तोडायचीच नाहीत.

ताम्हण

इथे माझं गणितवेड्यांशी थोडं वेगळं मत आहे. 0.6 वर उत्तम राहिलेले, वजन न घटलेले, डायलिसिस पुढे ढकललं गेलेले रुग्ण मी पाहिलेत. पण त्यांची भूक चांगली होती, घरात मोजून वाढणारं माणूस होतं आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी वजन, अल्ब्युमिन, स्नायूंची ताकद तपासली जात होती. यातलं एकही नसेल तर मीसुद्धा 0.8 च धरते.

कोरी_पाटी

कीटोअॅनालॉग म्हणजे तो वजन उतरवायचा कीटो आहार का? सासूबाईंना त्याच्या गोळ्या लिहून दिल्यात.

ताम्हण

नाही, काहीच संबंध नाही. अमिनो आम्लातला नायट्रोजन काढून घेतला की उरतो तो सांगाडा या गोळ्यांमध्ये असतो. शरीर स्वतःकडचा टाकाऊ नायट्रोजन त्याला जोडून अमिनो आम्ल बनवतं. प्रथिनं खरोखर खूप कमी केली असतील तरच त्यांचा उपयोग. नेहमीसारखं जेवून वर गोळ्या घेतल्या तर फक्त खर्च. त्यांत कॅल्शियम असतं, म्हणून रक्तातलं कॅल्शियम तपासत राहावं लागतं. कीटो आहार मात्र त्यांना देऊ नका.

गणितवेडा

रानजाई, बाबा नेमकी किती प्रथिनं खातात ते अंदाजाने ठरवण्यापेक्षा मोजता येतं. 24 तासांची लघवी गोळा करून त्यातला युरिया नायट्रोजन तपासायचा. जो आकडा ग्रॅममध्ये येईल त्यात वजनाला 0.03 ने गुणून येणारी संख्या मिळवायची आणि बेरजेला 6.25 ने गुणायचं. प्रथिनांत साधारण 16 टक्के नायट्रोजन असतो, म्हणून 6.25. डॉक्टरांना विचारून बघा.

रानजाई

सगळ्यांना नमस्कार. मधे बरेच दिवस गेले, त्या काळात किडनीच्या आहारतज्ज्ञांना भेटून आलो. आईला बरोबर नेलं.

24 तासांची तपासणी केली. युरिया नायट्रोजन 2.9 ग्रॅम. गणितवेड्यांच्या सूत्रात घातलं: 64 ला 0.03 ने गुणून 1.9, बेरीज 4.8, गुणिले 6.25, म्हणजे 30 ग्रॅम. डॉक्टरांनी "जरा कमी" सांगितलं होतं आणि आम्ही कडक मर्यादेच्याही खाली जाऊन बसलो होतो. उष्मांक तर 1200 च्या आसपास. आहारतज्ज्ञांनी 1900 सांगितलेत आणि प्रथिनं 50 ग्रॅमच्या आसपास.

आईला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते धान्याचं. दिवसभराच्या तांदूळ आणि गव्हातूनच वीस-बावीस ग्रॅम येतात, कच्चं 250 ग्रॅम धरलं तर. बाकी 50 ग्रॅम कच्ची डाळ किंवा कडधान्य म्हणजे बारा, एक पेला दूध सात, एक अंडं सहा, भाज्यांमधून तीन-चार. स्वयंपाकासाठी छोटा वजनकाटा घेतलाय. सुरुवातीला आई सगळं मोजायची, आता वाटीचा अंदाज बसलाय. उरलेले उष्मांक तेलातून आणि साबुदाण्यातून भरायला सांगितलेत, त्यात प्रथिनं जवळपास नसतात.

गणितवेडा

एक बारीक गोष्ट लक्षात असू द्या. हे सूत्र वजन स्थिर असलेल्या माणसासाठी आहे. बाबांचं वजन उतरत होतं, म्हणजे त्या 2.9 मध्ये त्यांच्या स्वतःच्या स्नायूंचा नायट्रोजनही होता. खाण्यातून 30 पेक्षा कमीच जात असणार. वजन थांबलं की पुन्हा तपासा, तो आकडा खरा.

रानजाई

हो, तीन महिन्यांनी पुन्हा करायचं ठरलंय. युरिया थोडा वाढला तर घाबरू नका असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

पाऊलवाट

रानजाई, त्या तपासणीचं नाव कागदावर नेमकं काय लिहिलं होतं ते सांगाल का? काकांची करून घ्यायची आहे. काकूंना कालच फोन करून डाळ सुरू करायला सांगितलं, पण त्या माझ्यावर विश्वास ठेवेनात. आधी बंद करा म्हणणारा मीच होतो ना.

रानजाई

"24 तासांची लघवी: युरिया नायट्रोजन आणि क्रिएटिनिन" असं लिहा. क्रिएटिनिनही बरोबर मागा, गोळा केलेली लघवी पूर्ण आहे की नाही ते त्यावरून कळतं. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून वेळ धरायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची धरून थांबायचं. काकूंना आईशी बोलायचं असेल तर मला निरोप पाठवा. आई आनंदाने बोलेल.

शेवंती_काकू

पाऊलवाट, काकूंना डाळ भिजवून पाणी ओतायचं तेवढं आठवणीने सांगा हो. आणि रानजाई, बाबांना अंडं पूर्ण देताय की पिवळा काढून?

ताम्हण

बाबांचा फॉस्फरस ठीक असेल तर पूर्ण द्या. एका अंड्यातल्या जवळपास सगळ्या फॉस्फरसचा साठा पिवळ्या भागात असतो, पण एका अंड्याने मर्यादा ओलांडत नाही. उष्मांकांची त्यांना गरजच आहे. फॉस्फरस वाढलेल्या माणसाला एक पूर्ण आणि एक नुसता पांढरा, असं आम्ही सुचवतो.

रानजाई

पूर्णच देतोय. फॉस्फरस 3.9 आहे.